चंद्र खाली का पडत नाही? मुलांना गुरुत्वाकर्षण समजावताना

नदीकाठ (धागाकर्ता)

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा आमच्या घरी त्यांच्या चित्रफिती रोज पाहिल्या जात असत. त्या पाहून तिने स्वतःच एक साखळी जोडली: वर हवा नाही, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही, आणि म्हणून माणसे तरंगतात. ती तिच्या मनात इतकी पक्की बसली आहे की मी "तसे नाही" म्हटले की ती मलाच पुन्हा चित्रफीत दाखवते.

या गोंधळाची सुरुवात माझ्याकडूनच झाली असावी, असे मला वाटते. ती पाच वर्षांची असताना तिने "चेंडू खाली का येतो?" असे विचारले होते, आणि मी घाईत "पृथ्वी मोठ्या लोहचुंबकासारखी आहे" असे उत्तर दिले होते. दोन दिवसांनी ती फ्रिजवरचे चुंबक काढून लाकडी चमच्याला लावत बसलेली दिसली. "चुंबकाला चमचा चिकटत नाही. मग चमचा खाली का पडतो?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सोपे म्हणून दिलेले उत्तर पुढच्या पायरीवर आडवे येते, हे तेव्हा कळले.

आता तिचा प्रश्न मोठा झाला आहे. पृथ्वी सगळ्याच वस्तूंना ओढते, तर चंद्राला का ओढत नाही? आणि ओढत असेल, तर तो पडत का नाही? मला सूत्र नको आहे. ते दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात तिला भेटेल. मला क्रम हवा आहे. कोणती गोष्ट आधी सांगावी, कोणती नंतर, आणि कोणती मुळीच सांगू नये? ज्यांनी हे मुलांपुढे प्रत्यक्ष करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि गेली बरीच वर्षे पाचवी ते सातवीचे वर्ग माझ्याकडे आहेत. क्रमाविषयी माझे मत ठाम आहे. "ओढ" हा शब्द सर्वांत शेवटी यावा. आधी मुलांना "पडणे" म्हणजे काय ते नीट पाहू द्यावे, कारण पडणे त्यांना दिसते आणि ओढ दिसत नाही. आपण मोठी माणसे न दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो आणि मग चुंबक, दोरी, अदृश्य हात अशा उपमा शोधत बसतो.

पडणारी वस्तू डोळ्यांना नीट दिसत नाही, कारण ती फार लवकर खाली पोहोचते. म्हणून मी मुलांना पडणे ऐकायला लावतो. सुमारे पावणेदोन मीटर लांबीची सुतळी घ्यावी. तिच्या एका टोकाला एक लोखंडी नट बांधावा. त्या नटापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटर अंतरांवर आणखी चार नट बांधावेत. स्टीलचे ताट जमिनीवर पालथे घालावे, स्टुलावर उभे राहून सुतळी अशी धरावी की सर्वांत खालचा नट ताटाला जेमतेम टेकेल, आणि मग सुतळी सोडून द्यावी. चार वेळा "टण" असा आवाज येतो आणि प्रत्येक दोन आवाजांमधला वेळ अगदी सारखा असतो. दुसऱ्या सुतळीवर हेच नट ४०-४० सेंटिमीटरच्या सारख्या अंतरावर बांधावेत. तेव्हा आवाज जवळजवळ येत जातात आणि शेवटी एकमेकांत मिसळतात. मुले डोळे मिटून दोन्ही ऐकतात. वरचा नट खालच्यापेक्षा जास्त अंतर पडूनही ठरल्या ठेक्यावर येतो, याचा अर्थ पडणारी वस्तू क्षणाक्षणाला वेग घेते, हे त्यांचे त्यांनाच उमगते. नटांमधली अंतरे मोजली की १०, ३०, ५० आणि ७० सेंटिमीटर येतात, म्हणजेच एक, तीन, पाच, सात. हेच प्रमाण गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून शोधले होते. ते त्याचे आहे, हे मी वर्गाला अगदी शेवटी सांगतो, कारण तोवर ते वर्गाचे झालेले असते.

गावात विहीर असेल तर दुसरा प्रयोग त्याहून चांगला होतो. कठडा भक्कम हवा आणि मोठे माणूस शेजारी हवे, हे आधीच सांगतो. खडा सोडायचा आणि "डुबुक" ऐकू येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या घड्याळावर मोजायचा. एका सेकंदात खडा सुमारे १६ फूट पडतो, दीड सेकंदात ३६ फूट आणि दोन सेकंदांत ६४ फूट. आमच्या शाळेमागच्या विहिरीत दीड सेकंद लागला. मग मुलांनी दोराला फुटाफुटावर गाठी मारून पाण्यापर्यंतची खोली मोजली आणि ती साडेपस्तीस फूट भरली. त्या दिवशी एका मुलाने घरी जाऊन आपल्या वडिलांना विहिरीची खोली दोराशिवाय सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी वडील ती पद्धत समजून घ्यायला शाळेत आले.

जड वस्तू आधी पडते, ही समजूत घालवायलाही वेळ द्यावा. वही आणि कागद शेजारी शेजारी सोडले तर कागद मागे राहतो. तोच कागद वहीच्या कडांबाहेर येणार नाही असा वहीवर ठेवून सोडला, तर दोन्ही बरोबर खाली येतात. कागदाला मागे ठेवणारी हवा होती, हे एवढ्याने कळते. यानंतर चंद्रावरची गोष्ट सांगावी. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले, आणि दोन्ही एकाच वेळी चंद्राच्या मातीवर टेकले. धागाकर्त्यांच्या मुलीच्या साखळीतली पहिली कडी इथेच तुटते. चंद्रावर हवा नाही, तरी हातोडा पडला.

मेलबर्नकर

आमच्या घरी अडचण याच्याही आधी सुरू होते. माझा सहा वर्षांचा मुलगा दर रविवारी साताऱ्याच्या आजीशी व्हिडिओवर बोलतो. पृथ्वीचा गोल आणून दिल्यापासून त्याला एकच काळजी लागली आहे. गोलावर आपण खालच्या बाजूला आहोत, मग आपण पडत का नाही? आणि आपण सरळ असू, तर आजी उलटी आहे का? "पृथ्वी आपल्याला धरून ठेवते" असे मी सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "झोपल्यावर पण?"

खडूफळा

मेलबर्नकर, आपल्या मुलाचा प्रश्न हाच या विषयाचा पाया आहे. "खाली" ही अवकाशातली एकच ठरलेली दिशा आहे, असे मुले धरून चालतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण घरात आणि अंगणात ते खरेच आहे. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या ६० शाळकरी मुलांना पृथ्वीविषयी प्रश्न विचारून १९९२ साली जे लिहिले, ते शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावे. "पृथ्वी गोल आहे" असे तोंडाने सांगणाऱ्या मुलांपैकी काहींच्या मनातली पृथ्वी भाकरीसारखी चपटी होती, तर काहींच्या मनात ती पोकळ चेंडूसारखी होती आणि माणसे त्या चेंडूच्या आत तळाशी राहत होती. मुलांनी स्वतःची "खाली" न सोडता मोठ्यांनी सांगितलेला "गोल" मानण्याची ही सोय केली होती. जोवर "खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे" हे बसत नाही, तोवर पुढचे सगळे हवेत राहते.

मी मोसंब्यात चारही बाजूंनी लवंगा टोचतो. प्रत्येक लवंग म्हणजे एक माणूस, आणि तिचे टोक म्हणजे त्याची "खाली". मग मोसंबे कापतो, की सगळी टोके एकाच जागेकडे वळलेली दिसतात.

चाळीसगावकर

मेलबर्नकर यांच्या मुलाचा प्रश्न वाचून राहवले नाही. आमच्या तालुक्यात पाटणदेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यात कोरले आहे. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' ११५० सालचा. त्यातल्या गोलाध्यायात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. ते म्हणतात, जो जिथे उभा असतो तो पृथ्वी आपल्या पायाखाली आहे आणि आपण तिच्या वर आहोत असेच मानतो. पृथ्वीच्या परिघाच्या चौथ्या भागाइतक्या अंतरावर उभे असलेले दोघे एकमेकांना आडवे समजतात, आणि अगदी पलीकडच्या बाजूचे लोक आपल्याला पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या प्रतिबिंबासारखे डोके खाली असलेले वाटतात. पण ते तिथे तसेच निश्चिंत उभे असतात, जसे आपण इथे.

मी सहज हिशेब करून पाहिला. सातारा आणि मेलबर्न यांच्यामधला पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन सुमारे ८७ अंश येतो, म्हणजे काटकोनाला थोडासाच कमी. आपल्या मुलाची आजी उलटी नाही, ती त्याच्या मानाने आडवी आहे, आणि भास्कराचार्यांनी सांगितलेले "चौथ्या भागावरचे दोघे" म्हणजे जवळजवळ हीच आजी-नातवाची जोडी! मुलाला तळ्याच्या काठावर नेऊन त्याचे प्रतिबिंब दाखवा. त्याच्याही आधी, इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त पृथ्वीच्या गोलावर सगळीकडून प्राणी आहेत हे सांगण्यासाठी कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे. कदंबाचे फूल एकदा हातात घेतलेले मूल ती विसरत नाही.

त्याच गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढून घेते, आणि म्हणून ती वस्तू पडत असल्यासारखी भासते, असेही म्हटले आहे. पुढचा प्रश्न तर अप्रतिम आहे: चारही बाजूंना आकाश सारखेच आहे, मग पृथ्वीने स्वतः पडायचे तरी कुठे? त्यामुळे मुलांना गुरुत्वाकर्षणाच्या गोष्टीत सफरचंदाच्या आधी पाटण सांगावे, असे माझे मत आहे.

प्रयोगवही

चाळीसगावकर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, फक्त एक मर्यादा सांगतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि या श्लोकाविषयी दोन्ही टोकांचे बोलणे मी पुष्कळ ऐकले आहे. भास्कराचार्यांनी पृथ्वीची ओढ सांगितली, आणि "खाली" ही दिशा पृथ्वीशी बांधली. ही फार मोठी गोष्ट आहे. अंतर वाढले की ओढ किती कमी होते, याचा नियम त्यांनी दिलेला नाही, आणि हीच ओढ चंद्राला फिरवते असेही त्यांचे म्हणणे नाही. ते काम न्यूटनने १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'त केले. मुलांना दोन्ही गोष्टी खऱ्या मापात सांगाव्यात. मोठेपण वाढवून सांगितले की मूल मोठे झाल्यावर मूळ गोष्टीवरही अविश्वास दाखवू लागते.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्यांच्या मुलीला चंद्र पडत नाही असे वाटते. तिला सांगायची गोष्ट अशी आहे की चंद्र पडतो आहे, अगदी या क्षणीही, आणि तो कधी थांबलेलाच नाही.

यासाठी न्यूटननेच एक चित्र काढून ठेवले आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली प्रसिद्ध झाले. कल्पना करा की एका अतिशय उंच डोंगराच्या माथ्यावर तोफ ठेवली आहे आणि हवेचा अडथळा मुळीच नाही. गोळा आडवा सुटला की पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर खाली येतो. तो किती वेगाने आडवा सुटला याने त्यात काहीच फरक पडत नाही. (हे घरी टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवून पाहता येते. एक नुसते ढकलून खाली सोडावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याला पट्टीने जोरात आडवे उडवावे. दुसरे खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात पडते, पण दोन्हींचा आवाज एकदमच येतो.) आता पृथ्वीचा पृष्ठभाग सपाट नाही. सरळ आडवे आठ किलोमीटर गेले की तो सुमारे पाच मीटर खाली वळलेला असतो. म्हणून गोळा सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने सुटला, तर एका सेकंदात तो पाच मीटर पडतो आणि त्याच्या खालची जमीनही पाच मीटर खाली गेलेली असते. तो पडला, पण जमिनीच्या जवळ आला नाही. पुढच्या सेकंदालाही तेच होते, आणि त्याच्या पुढच्यालाही. अशा पडण्यालाच आपण "प्रदक्षिणा" म्हणतो.

न्यूटनने पुढे जे ताडून पाहिले, ते मला आजही थक्क करते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. अंतराच्या वर्गाने ओढ कमी होत असेल, तर तिथे ती ३६०० पट कमी असली पाहिजे. आपल्याकडे एका सेकंदात ४.९ मीटर पडणारी वस्तू तिथे साधारण १.४ मिलिमीटर पडली पाहिजे. चंद्राच्या फेऱ्याच्या काळावरून त्याचा मार्ग सरळ रेषेपासून किती वळतो ते काढले, तर उत्तर तेच येते. चंद्र दर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर आडवा जातो आणि तेवढ्यात सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो.

अंतराळ स्थानकाविषयी एवढेच, की ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. मुंबईपासून पणजी सरळ रेषेत तितकीच दूर आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या शाळेतल्या गोलावर ती उंची एक सेंटिमीटरही भरत नाही. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. माणसे तरंगताना दिसतात ती ओढ नसल्यामुळे नव्हे. ती माणसे, त्यांचा चमचा, त्यांचे पाणी आणि स्थानकाच्या भिंती हे सगळे एकाच वेगाने एकत्र पडत असते म्हणून.

सांजतारा

मी माझ्या भाच्यांना ताणलेल्या चादरीवर मध्ये जड गोळा ठेवून दाखवते. चादर खोलगट होते आणि आजूबाजूच्या गोट्या त्याच्याभोवती फिरत फिरत मध्ये जातात. आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण असेच समजावतात, आणि मुलांना ते फार आवडते. कोणी या पद्धतीचा उल्लेखच केला नाही, याचे आश्चर्य वाटले.

प्रयोगवही

मुलांना आवडते हे खरे, पण ती चादर खोलगट का होते? गोळ्याला पृथ्वी खाली ओढते म्हणून. म्हणजे जे समजावायचे आहे, तेच आधी वापरावे लागते. चौकस मूल "गोळा चादरीत का रुतला?" असे विचारेल, आणि मग आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ. दुसरे असे की १९१५ च्या त्या सिद्धांतात पृथ्वीजवळच्या पडण्याचा मुख्य भाग जागेच्या नव्हे, काळाच्या चालीतल्या फरकातून येतो, आणि तो चादरीत दिसतच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना चादर दाखवून तिचे हे दोष शोधायला सांगावेत. तेव्हा ती उपयोगी पडते. नऊ वर्षांच्या मुलीला ती दाखवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

नदीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन रविवारी घरी जे झाले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

सुतळी आणि नटांचा प्रयोग पहिल्याच दिवशी केला. शेजारची दोन मुलेही आली होती. पण स्थानकावरची माणसे पडत आहेत हे मुलीला काही केल्या पटेना. "पडताना पोटात गोळा येतो, ते तर हसतात," असे तिचे म्हणणे. तेव्हा मला जत्रेतला आकाशपाळणा आठवला. पाळणा माथ्यावरून खाली वळतो तेव्हा आपण बाकावरून किंचित उचलले गेल्यासारखे वाटते. ते तिला चांगले आठवत होते. मग सुई असलेला जुना वजनकाटा घेऊन आम्ही इमारतीच्या लिफ्टमध्ये गेलो. ती काट्यावर उभी राहिली, सुई २६ वर होती. लिफ्ट खाली निघाली त्या क्षणी सुई २४ च्या आसपास उतरली आणि लगेच पुन्हा २६ वर आली. खाली थांबताना ती २६ च्या पुढे गेली. आम्ही चार वेळा वरखाली केले. शेवटी तिने विचारले, "लिफ्टचा दोर तुटला तर सुई शून्यावर जाईल का?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती.

त्यानंतर बाटलीचा प्रयोग केला. तो इथे आला नाही म्हणून सविस्तर सांगतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळापासून दोन बोटांवर तापवलेल्या दाभणाने भोक पाडले (हे मी केले, तिला करू दिले नाही). भोकावर बोट ठेवून पाणी भरले. पहिल्या वेळी चूक झाली. सवयीने मी झाकण लावले, त्यामुळे बोट काढल्यावरही धार आली नाही आणि मुलीने "बघा, न पडताही पाणी थांबलं" असा निष्कर्ष काढला. झाकण काढल्याबरोबर धार सुरू झाली. झाकण बंद असताना आत हवा शिरत नाही म्हणून पाणी अडते, हे आधी समजावावे लागले आणि त्यात अर्धा तास गेला. करणाऱ्यांनी झाकण आधीच दूर ठेवावे.

मग मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहिलो. खाली अंगणात कोणी नाही याची खात्री करून पत्नी आणि मुलगी एका बाजूला मोबाइल घेऊन उभ्या राहिल्या. बाटलीतून धार वाहत असताना मी ती सरळ सोडून दिली. धीम्या गतीच्या चित्रफितीत स्वच्छ दिसते: हातात असताना वाकडी धार, आणि हात सुटताच धार तुटते. बाटली जमिनीवर आदळेपर्यंत भोकातून नवे पाणी येत नाही, जरी भोक उघडे आहे, झाकण उघडे आहे आणि बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. पाणी आणि बाटली बरोबर पडत असल्यामुळे कोणी कोणाला दाबत नाही. मुलीने ती चित्रफीत अकरा वेळा पाहिली आणि मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे ते लोक बाटलीतलं पाणी आहेत." "वर हवा नाही म्हणून" हे वाक्य त्या दिवसानंतर मी तिच्या तोंडून ऐकलेले नाही.

आता पुढचा प्रश्न उभा राहिला आहे. सगळ्याच वस्तू एकमेकींना ओढतात असे मी सांगितले, तर तिने विचारले, "मग मी बाबाला का चिकटत नाही?" आणि त्यामागोमाग, "पृथ्वी ओढते, पण का ओढते?" याचे काय उत्तर द्यावे?

गणितवेडी

पहिल्या प्रश्नाला आकड्याने उत्तर देता येते. २६ किलोची मुलगी आणि ७० किलोचे वडील एकमेकांपासून एक मीटर अंतरावर उभे राहिले, तर त्यांच्यातली ओढ एका ग्रॅमच्या सुमारे लाखाव्या हिश्शाच्या वजनाइतकी असते. ती आहे, पण पायाखालच्या फरशीचे घर्षण तिच्या कितीतरी पट मोठे आहे. एवढी लहान ओढ मोजता येते, हे तिला जरूर सांगा. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली सुमारे १५८ किलो वजनाचे शिशाचे दोन मोठे गोळे घेतले आणि बारीक तारेने टांगलेल्या दांडीच्या टोकांवरचे लहान गोळे त्यांच्याकडे किती वळतात ते पाहिले. आपल्या अंगाच्या उबेने खोलीतली हवा हलू नये म्हणून ते खोलीच्या बाहेर थांबून दुर्बिणीतून मोजमाप वाचत असत. त्यावरून पृथ्वी पाण्याच्या सुमारे साडेपाच पट घन आहे हे निघाले.

आणि ती पृथ्वीला ओढते का, असे तिने विचारलेच तर हो म्हणा. पृथ्वी तिला जितक्या जोराने ओढते, नेमकी तितक्याच जोराने ती पृथ्वीला ओढते. पृथ्वी इतकी जड आहे की तिच्यावर त्याचा परिणाम दिसत नाही, एवढेच.

प्रयोगवही

"का ओढते?" या प्रश्नाला मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी खरे उत्तर देत आलो. न्यूटनला हेच विचारले गेले होते, आणि 'प्रिन्सिपिया'च्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने लिहिले की गुरुत्वाकर्षणाचे कारण मला घटनांवरून काढता आलेले नाही आणि मी मनाने कारणे रचत नाही. आइन्स्टाइनने या प्रश्नाला फार खोल उत्तर दिले, पण त्याच्याही खाली "मग तसे का?" हा प्रश्न उरतोच. मुलीला सांगा की ओढ कशी चालते हे आपल्याला अत्यंत बारकाईने ठाऊक आहे, आणि ती का आहे यावर अजून काम चालू आहे. "तुला अजून कळणार नाही" असे मात्र म्हणू नका, कारण ते खरे नाही. हे मोठ्यांनाही कळलेले नाही.

मेलबर्नकर

मोसंब्यातल्या लवंगांना आम्ही नावे दिली. एक आजीची, एक त्याची, आणि दोघींची टोके मध्यात भेटतात हे त्याने स्वतः कापून पाहिले. मग रविवारी त्याने आजीला मोबाइल आडवा धरायला लावला, कारण "तू खरी अशी आहेस." आजीने कदंबाचे फूल कुठे मिळते का ते पाहायचे कबूल केले आहे.

नदीकाठ (धागाकर्ता)

प्रयोगवही यांचे उत्तर मी तिला जसेच्या तसे सांगितले. "मोठ्यांनाही कळलेलं नाही" हे ऐकून ती नाराज होईल अशी मला भीती होती. ती वही घेऊन आली आणि प्रश्न लिहून ठेवला.

काल पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र होता म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र एका सेकंदात किती पडतो हे तिला कळावे म्हणून आम्ही आधी एक रुपयाची दहा नाणी रचून पट्टीने मोजली. ती साधारण साडेचौदा मिलिमीटर भरली. म्हणजे एका नाण्याची जाडी चंद्राच्या एका सेकंदाच्या पडण्याइतकीच. गच्चीवर तिने एक नाणे कडेने चंद्रासमोर धरले आणि सेकंद मोजायला सुरुवात केली, "एक नाणं, दोन नाणी, तीन नाणी..." साठपर्यंत मोजून झाल्यावर तिने विचारले की पृथ्वीसुद्धा सूर्याभोवती फिरते, म्हणजे तीही पडतेच आहे, तर ती एका सेकंदात किती नाणी पडते? मला हिशेब जमला नाही. कोणी सांगू शकेल का?

गणितवेडी

पृथ्वी दर सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सूर्याकडे सुमारे ३ मिलिमीटर पडते. तिला सांगा, दोन नाणी.